'डेस्क्वमेशन' या शब्दाचा नेमका अर्थ आणि त्याचे लॅटिन मूळ

बोरीकाठचा पेन्शनर (अमळनेर)

नमस्कार. मी शाळेत मराठी आणि भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस आहे. माझ्या पाच वर्षांच्या नातवाला मध्यंतरी बरेच दिवस ताप होता. ताप उतरला, पोरगा पुन्हा अंगणात धावू लागला, आणि त्यानंतर त्याच्या बोटांच्या टोकांची, विशेषतः नखांच्या कडेची कातडी पातळ पापुद्र्यांसारखी निघू लागली. माझी पत्नी अहिराणीत म्हणाली, "पोऱ्याना हातनं सालटं निंघी ऱ्हायनं." डॉक्टरांनी तपासण्या केल्या, काळजीचे कारण नसल्याचे सांगितले आणि कागदावर 'पेरिअंग्वल डेस्क्वमेशन' असे दोन शब्द लिहून दिले.

तेव्हा माझा प्रश्न आजाराविषयी नाही, शब्दाविषयी आहे. घरातल्या इंग्रजी-मराठी कोशात 'कातडी निघणे' एवढाच अर्थ दिला आहे. परंतु कातडी निघण्याचे आपल्याकडे कितीतरी प्रकार आहेत. उन्हाने पाठीचे पोपडे निघतात, डोक्यात कोंडा होतो, जखमेवरची खपली पडते, सायकलवरून पडल्यावर गुडघा सोलवटतो आणि साप कात टाकतो. या सगळ्यांना इंग्रजीत एकच शब्द आहे की हा शब्द त्यांतल्या एकाच प्रकाराचा आहे? त्याचे मूळ लॅटिन असल्याचे कोशात म्हटले आहे, पण ते मूळ कोणते आणि त्याचा प्रत्यक्ष अर्थ काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे. त्यासाठी चपखल मराठी शब्द सुचवल्यास मी अधिक आभारी होईन.

चाळीसगाव जंक्शन

गुरुजी, माझ्या अंदाजाने यात 'स्क्वेअर' हा शब्द दडलेला असावा. कातडीचे चौकोनी तुकडे सुटतात म्हणून डी-स्क्वेअर, आणि त्यावरून हा शब्द झाला असावा. चूक असल्यास दुरुस्त करावे.

पांझराकाठचा मास्तर (धुळे)

चाळीसगावच्या भाऊंनी अंदाज स्पष्ट मांडला हे बरे झाले, कारण कानाला तो खरा वाटतो. मात्र तो खरा नाही. 'स्क्वेअर' हा शब्द लॅटिनमधील चार या संख्येच्या कुळातला, 'क्वाद्रा' म्हणजे चौकोन यावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेला आहे, आणि त्याच्या आरंभीचा 'स' हा 'एक्स' या उपसर्गाचा उरलेला अंश आहे. 'डेस्क्वमेशन' मध्ये मात्र 'स्क्वामा' हे मूळ नाम आहे आणि लॅटिनमध्ये 'स्क्वामा' म्हणजे खवला, माशाच्या किंवा सापाच्या अंगावर असतो तो. 'दे' हा उपसर्ग 'वरून, पासून, काढून' असा अर्थ देतो. 'डिहायड्रेशन' मध्ये आपण रोज ऐकतो तोच हा 'डी'. तेव्हा 'देस्क्वामारे' या क्रियापदाचा सरळ अर्थ 'खवले काढणे' असा होतो आणि त्याला क्रियावाचक प्रत्यय लागून 'डेस्क्वमेशन' हे नाम तयार झाले.

आता गंमत पाहा. हा शब्द आज रुग्णालयाच्या कागदावर मोठा भारदस्त दिसतो, पण त्याचा जन्म स्वयंपाकघरातला आहे. प्लाउतुस नावाचा रोमन नाटककार इसवी सनापूर्वी १८४ च्या सुमारास वारला. त्याच्या 'आउलुलारिया' या विनोदी नाटकात लग्नघरी आलेला एक आचारी आपल्या हाताखालच्या गड्याला हुकूम सोडतो, "ड्रोमो, देस्क्वामा पिस्किस", म्हणजे "ड्रोमो, माशांचे खवले काढ." आपल्या नातवाच्या कागदावरचे क्रियापद ते हेच. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात थोरल्या प्लिनीच्या विश्वकोशासारख्या ग्रंथात, ज्यात वनस्पती, धातू, प्राणी आणि औषधे असा सगळा संसार आहे, हा शब्द माशांपुरता राहिलेला नाही. झाडाची साल काढणे आणि अंगाची सोलवटलेली जागा अशा गोष्टींसाठीही तो तेथे येतो. मासा, झाड आणि माणूस या तिघांच्या बाह्य आवरणाकडे भाषा एकाच नजरेने पाहू लागली होती, असा त्याचा अर्थ मी लावतो.

'स्क्वामा'चे आणखी नातेवाईकही आपल्या आसपास आहेत. प्राणिशास्त्रात साप, सरडे आणि पाली यांच्या गणाला 'स्क्वामाटा', म्हणजे खवल्यांचे, असे नाव आहे. रोमन सैनिकांच्या एका प्रकारच्या चिलखतावर धातूचे छोटे तुकडे एकावर एक खवल्यांप्रमाणे बसवलेले असत, आणि त्याला 'लोरिका स्क्वामाटा' म्हणत.

आपल्या कागदावरचा 'पेरिअंग्वल' हा शब्द तर मला अधिकच आवडला. 'पेरि' हा ग्रीक उपसर्ग म्हणजे भोवती, आणि तो आपल्या 'परिसर', 'परिक्रमा' यांतल्या 'परि'चा सख्खा भाऊ आहे. 'उंग्विस' म्हणजे लॅटिनमधील नख, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याला आपल्या 'नख' शब्दाच्याच कुळात बसवतात. डॉक्टरांनी अजाणता 'परिनख' असे लिहिले आहे, असे म्हणायला हरकत नाही.

नवापूरकर

मास्तरांनी सांगितलेला अर्थ आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. उकाई धरणाचे पाणी आमच्या तालुक्यापर्यंत येते आणि मासेमारीवर इथली अनेक कुटुंबे चालतात. माशाचे खवले शेपटीकडून डोक्याकडे, म्हणजे उलट दिशेने खरवडावे लागतात. ते एकमेकांवर कौलांसारखे रचलेले असल्यामुळे सरळ दिशेने सुरी चालवली तर घसरून जाते. खवले उडतात ते वाळल्यावर अगदी नखाएवढे, चमकदार आणि कडक होतात. कातडीचे सुटलेले तुकडे पाहून एखाद्याला खवले आठवले असतील यात नवल नाही. आमच्याकडे मात्र अंगावरच्या पापुद्र्याला कुणी खवला म्हणत नाही, हेही नोंदवतो.

त्वचारोग, जळगाव

मी गेली बरीच वर्षे त्वचारोगांवर उपचार करीत आहे, म्हणून वैद्यकातला वापर सांगते. मुलाविषयी मी येथे काही म्हणणार नाही, कारण त्याला पाहिलेल्या डॉक्टरांचाच तो अधिकार आहे.

मास्तरांनी सांगितलेला अर्थ आज थोडा विस्तारला आहे, आणि आपल्याला जो गोंधळ वाटतो तो त्या विस्तारामुळेच आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या थराला 'स्ट्रॅटम कॉर्नियम' म्हणतात. 'कॉर्नू' म्हणजे शिंग, तेव्हा हा शिंगासारखा मृत पेशींचा थर झाला. खालच्या थरात नवी पेशी जन्मते, वर सरकते, चपटी होते, मरते आणि शेवटी गळून पडते. या प्रवासाला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. हे गळून पडणे म्हणजेच डेस्क्वमेशन. म्हणून काटेकोर अर्थाने आपण सगळेच, अगदी निरोगी माणूसही, हा मजकूर वाचत असताना डेस्क्वमेशन करीत आहोत. फक्त एकेक पेशी सुटते म्हणून ते डोळ्यांना दिसत नाही.

दिसू लागते ते केव्हा, तर पेशी सुट्या सुट्या न निघता एकमेकींना धरून, गठ्ठ्याने निघतात तेव्हा. मृत पेशींना एकत्र बांधणारे प्रथिनांचे सांधे असतात, त्यांना विशिष्ट विकरे हळूहळू कापतात, आणि त्या विकरांना काम करण्यासाठी त्वचेत ओलावा लागतो. ओलावा कमी झाला की सांधे नीट सुटत नाहीत आणि पापुद्रे निघतात. जळगाव-भुसावळच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या कोरड्या हवेत, किंवा पौषातल्या थंडीत, पिंडऱ्यांवर पांढरी भुकटी दिसते ती याच कारणाने. उन्हाने भाजल्यावर किंवा काही तापांनंतर मात्र वरचा थर एकदम इजा होऊन सुटतो, त्याची यंत्रणा वेगळी आहे.

वैद्यकात या शब्दाला पुढे विशेषणे लागतात आणि तिथे निदानाला खरी मदत होते. गोवर ओसरताना निघणाऱ्या बारीक भुकटीला 'फर्फ्युरेशस' म्हणतात. 'फुर्फुर' म्हणजे लॅटिनमध्ये धान्याचा कोंडा, आणि डोक्यात कोंडा करणाऱ्या बुरशीच्या 'मॅलासेझिया फुर्फुर' या नावातही तोच शब्द बसला आहे. उलट स्कार्लेट फीव्हर या घशाच्या संसर्गातून येणाऱ्या तापात हातापायांच्या तळव्यांची कातडी मोठमोठ्या तुकड्यांत निघते. बोटांच्या टोकांना नखांपासून सुरू होणारे डेस्क्वमेशन हे लहान मुलांना होणाऱ्या कावासाकी या तापाच्या आजाराच्या नोंदींत येते. जपानच्या तोमिसाकु कावासाकी यांनी त्याचे वर्णन १९६७ मध्ये केले. त्या आजारात सालपटे ताप सुरू झाल्यानंतर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात निघतात. पण इतर काही साध्या विषाणूजन्य तापांनंतरही अशी सालपटे निघू शकतात, म्हणून केवळ या दोन शब्दांवरून कुणीही घाबरू नये.

आणखी एक गोष्ट विषयाला धरूनच सांगते. 'स्क्वॅमस' हा शब्द पाहून रुग्ण फार घाबरतात, कारण आपल्या भागात तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाच्या अहवालावर 'स्क्वॅमस सेल कार्सिनोमा' असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात 'स्क्वॅमस' म्हणजे खवल्यासारखी चपटी पेशी, एवढेच. त्वचा, तोंड, अन्ननलिका यांचे अस्तर अशाच निरोगी पेशींचे असते. लघवीच्या साध्या तपासणीच्या अहवालातही 'स्क्वॅमस एपिथेलियल सेल्स' असे येते आणि ते सामान्यतः काळजीचे नसते. भीती 'कार्सिनोमा' या पुढच्या शब्दाची आहे, 'स्क्वॅमस'ची नव्हे.

बोरीकाठचा पेन्शनर (अमळनेर)

डॉक्टर ताई, मास्तर आणि नवापूरकर, आपले मनापासून आभार. 'फुर्फुर' वाचून मी थबकलो. आपण गव्हाच्या भुशाला आणि डोक्यातल्या पांढऱ्या भुकटीला एकाच शब्दाने 'कोंडा' म्हणतो, आणि रोमन लोकही तेच करीत होते, हे मला ठाऊक नव्हते. यात कुणी कुणाकडून उसने घेतले असेल असे वाटत नाही. जात्याशेजारी बसणाऱ्या कोणालाही ते सुचावे.

माझी एक शंका उरते. मुलीने मला सांगितले की तिच्या ब्युटी पार्लरमध्ये याच क्रियेला 'एक्सफोलिएशन' म्हणतात. हे दोन शब्द एकच आहेत का? शिवाय संस्कृतात माशाची हीच उपमा आहे का, हेही कुणी सांगावे.

फैजपूरची वैद्य

दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देते. होय, आणि ती उपमा अगदी नेमकी आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सातव्या अध्यायात एककुष्ठाचे लक्षण सांगताना "अस्वेदनं महावास्तु यन्मत्स्यशकलोपमम्" असे म्हटले आहे. घाम न येणारे, विस्तृत जागा व्यापणारे आणि माशाच्या शकलांसारखे, म्हणजे खवल्यांसारखे दिसणारे ते एककुष्ठ. आजचे अनेक वैद्य त्याची तुलना सोरायसिसशी करतात, पण दोन्ही एकच आहेत असे मी म्हणणार नाही, कारण 'कुष्ठ' या शब्दाखाली आयुर्वेदात अनेक त्वचाविकार येतात. लगेच पुढे चर्मकुष्ठाला हत्तीच्या कातड्याची उपमा आहे. ग्रंथकारांना रोगी तपासताना नदी आणि रान दोन्ही डोळ्यांसमोर होते.

सुश्रुतसंहितेतील उपमा तर थेट चुलीवरची आहे. गर्भात त्वचेचे सात थर कसे तयार होतात हे सांगताना तापवल्या जाणाऱ्या दुधावर साय धरते तशी त्वचा निर्माण होते, असे तिथे म्हटले आहे. सायीचा पापुद्रा बोटाने उचलून पाहिलेल्या माणसाला अंगाच्या पापुद्र्यासाठी वेगळा शब्द शिकवावा लागत नाही.

संस्कृतातील 'शल्क' या शब्दालाही माशाचा खवला, झाडाची साल आणि तुकडा असे तिन्ही अर्थ आहेत. त्यावरून हिंदी वैद्यकीय लेखनात डेस्क्वमेशनला 'विशल्कन' म्हणतात. 'दे'च्या जागी 'वि', 'स्क्वामा'च्या जागी 'शल्क', असा सांध्याला सांधा जुळवलेला तो शब्द आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तो शोभतो, पण रुग्णाच्या आईला 'बाळाचे विशल्कन होत आहे' असे मी सांगू शकणार नाही.

पांझराकाठचा मास्तर (धुळे)

एक्सफोलिएशनचे मी सांगतो, आणि गुरुजी भूगोलाचे असल्यामुळे त्यांना ते बहुधा अर्धे ठाऊकच आहे. 'फोलियम' म्हणजे लॅटिनमधील पान, झाडाचेही आणि कागदाचेही. 'एक्स' म्हणजे बाहेर. तेव्हा 'एक्सफोलियारे' म्हणजे पाने काढून टाकणे. आपण शाळेत खडकांचा अपक्षय शिकवताना 'अपपर्णन' हा शब्द फळ्यावर लिहीत होता ना? तो याचाच मराठी अवतार आहे, 'अप' अधिक 'पर्ण'. अजिंठ्याच्या डोंगररांगेत फिरताना बेसॉल्टचे गोलाकार दगड कांद्यासारखे पापुद्र्यापापुद्र्याने सुटलेले आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. दगडाचे पापुद्रे आणि पार्लरमधला चेहऱ्याचा स्क्रब यांना एकच शब्द लाभावा हा योग मोठा मजेदार आहे.

दोन शब्दांत फरक मात्र आहे. त्वचेच्या बाबतीत डेस्क्वमेशन हे बहुधा आपोआप घडणारे असते, तर पार्लरमधील एक्सफोलिएशन हे कुणीतरी मुद्दाम केलेले असते. हे व्याकरणाचे बंधन नाही, वापरातली सवय आहे. तिसरा शब्द 'एक्सकोरिएशन'. 'कोरियम' म्हणजे कातडे, चामडे. खाजवून किंवा खरचटून कातडी निघाली की वैद्यकात हा शब्द येतो, आणि त्याला आपला 'सोलवटणे' हा शब्द जितका फिट्ट बसतो तितका मला दुसरा कुठलाही जोड आठवत नाही. 'कोरियम'च्या मुळाशी 'कापणे' हा अर्थ असावा असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि संस्कृतात 'कृत्' म्हणजे कापणे या धातूवरून 'कृत्ति' म्हणजे कातडे हा शब्द झालेला आहे. हत्तीचे कातडे पांघरणारा महादेव म्हणून 'कृत्तिवास'. आपल्या सापाची 'कात'ही ध्वनीच्या वाटेने याच 'कृत्ती'च्या दारी पोहोचते असे मला वाटते. सापाच्या त्या क्रियेला मात्र प्राणिशास्त्रात डेस्क्वमेशन न म्हणता 'एक्डिसिस' म्हणतात. तो ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ 'वस्त्र उतरवणे' असा आहे.

इंग्रजीतला साधा 'पील' सुद्धा लॅटिनच आहे, पण त्याच्या मुळाशी 'पिलुस' म्हणजे केस आहे. मूळ अर्थ केस काढणे, पुढे कातडी काढणे, आणि त्या वळणावर 'पेल्लिस' म्हणजे कातडी या शब्दाचाही धक्का त्याला लागलेला दिसतो. 'पेल्लिस'चे इटालियन रूप 'पेल्ले'. त्यावरून 'पेल्ले आग्रा', खरखरीत कातडी, आणि त्यावरून 'पेलाग्रा' हे रोगाचे नाव. ते मिलानच्या फ्रापोली या वैद्याने १७७१ मध्ये ग्रंथात आणले. हा रोग युरोपात मक्यावर जगणाऱ्या गरिबांना होत असे. आपल्याकडे दख्खनमधील ज्वारीवर गुजराण करणाऱ्या लोकांत तो दिसला आणि हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतील गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसिन या घटकाशी जोडला. त्यावर पुढे बरेच वाद झाले. भाकरी खाणाऱ्यांनी दचकू नये. डाळ, भाजी आणि दूध ताटात असले की हा प्रश्न येत नाही, आणि आपल्या कळण्याच्या भाकरीत तर उडीदही असतो.

नवापूरकर

मास्तर, 'सोलणे' आणि 'साल' यांचेही सांगून टाका. आमच्याकडे सीमेपलीकडचे लोक बोलताना 'छाल' आणि 'छोलवुं' म्हणतात. ते आपलेच शब्द आहेत का?

पांझराकाठचा मास्तर (धुळे)

आपलेच आहेत. जुना 'छ' मराठीत अनेक ठिकाणी 'स' झाला. हिंदीत 'छुरी', आपल्याकडे 'सुरी'. हिंदीत 'छह', आपल्याकडे 'सहा'. त्याच न्यायाने हिंदी-गुजरातीतील 'छाल' ही आपली 'साल' आणि 'छोलवुं' हे आपले 'सोलणे'. वि. का. राजवाडे १९२६ मध्ये आमच्या धुळ्यात वारले. त्यांनी मराठी धातूंच्या मागे आयुष्याची बरीच वर्षे घातली, त्यामुळे या गावात बसून व्युत्पत्ती सांगताना माणूस जरा जपूनच बोलतो.

बोरीकाठचा पेन्शनर (अमळनेर)

'अपपर्णन' मी वीस-बावीस वर्षे फळ्यावर लिहिला आणि त्यातले पान मला आज दिसले, याची थोडी लाज वाटते आहे. नातवाच्या वहीत मी डॉक्टरांच्या शब्दांखाली मराठी ओळ लिहिणार आहे. 'विशल्कन' नको, हे वैद्य ताईंचे म्हणणे मला पटते. 'पोपडे' म्हटले की भिंत डोळ्यांसमोर येते, 'खपली' म्हटले की जखम, आणि 'कोंडा' बोटांना लागू होत नाही. 'नखांभोवतीची सालपटे निघणे' असे लिहिले तर चालेल का?

त्वचारोग, जळगाव

चालेल, आणि मीही माझ्या कागदांवर यापुढे इंग्रजी शब्दाखाली तेच लिहीन. फक्त त्यापुढे सालपटे निघायला सुरुवात झाल्याची तारीख आणि त्याआधी ताप किती दिवस होता हे अवश्य लिहावे. पुढे कधी दुसऱ्या डॉक्टरांना वही दाखवावी लागली, तर शब्दापेक्षा त्या दोन नोंदी त्यांच्या अधिक कामाला येतील. आणि सुटलेली कातडी ओढून काढू देऊ नये. खोबरेल तेल किंवा साधे व्हॅसलिन लावून ती आपोआप गळू द्यावी.